आजाऱ्याच्या उशाशी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी दुखण्याबहाण्याचा विषय काढणे काहींना अप्रशस्त वाटेल. चिटणीसांनी आम्हांला विषय विचारला, तेव्हा आम्हीही थोडे घुटमळलो. परंतु पन्नास वर्षांचा हिशेब मांडावयाचा, तर तो केवळ गणेशोत्सवाचा, कोजागरीचा आणि नाट्यप्रयोगांचा मांडून कसे भागेल? गावापासून हजार-बाराशे किलोमीटर दूर राहणाऱ्या माणसाला मंडळ खऱ्या अर्थाने आठवते, ते घरात कोणी अंथरुणाला खिळले म्हणजे. आम्ही श्रद्धेने ख्रिस्ती आहोत, भाषेने आणि जेवणाखाणाने पुरते मराठी आहोत. म्हणून आपल्या जिवलगाच्या यातना पाहताना ख्रिस्ती माणूस प्रार्थना करतो ती कशासाठी, आणि आशा धरतो ती कशाची, याविषयी चार शब्द आपणांपुढे ठेवावे असे आम्ही योजिले आहे.

हा विषय आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. आमच्या पत्नीचे दुखणे याच शहरात चौदा महिने चालले आणि त्यातून त्या उठल्या नाहीत. आपल्यांपैकी पुष्कळांना हे ठाऊक आहे, कारण त्या काळात आपण आमच्या घरी येत होता.

पहिले सहा महिने आम्ही अखंड प्रार्थना केली. पहाटे केली, रुग्णालयाच्या जिन्यावर केली, औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभे राहून केली. आमचे घराणे प्रॉटेस्टंट. नवस बोलण्याची चाल आमच्याकडे नाही. तरीही एका संध्याकाळी आमची पावले बेझंट नगरच्या वेलांकण्णी मातेच्या मंदिराकडे वळली, आणि मेणबत्ती लावून आम्ही मनातल्या मनात काहीबाही कबूल करून आलो. आज मागे वळून पाहता वाटते, की प्रार्थनेच्या नावाखाली आम्ही सौदाच मांडला होता. आम्ही इतके देऊ, तू इतके दे. या सौद्याबद्दल आम्ही स्वतःला दोष देत नाही. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि देवाला त्याचा राग येत असेल असे आम्हांला वाटत नाही.

पुढे एके दिवशी डॉक्टरांनी आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, की आता औषधाचा उपयोग होईल असे दिसत नाही. त्या दिवसापासून आमची प्रार्थना थांबली. ओठ हलेनात. देव नाही असे वाटले नाही. त्याच्याशी बोलण्यासारखे काही उरले नाही असे वाटले. ते तीन-चार आठवडे आमच्या आयुष्यातील सर्वांत अंधारे होते.

त्याच आठवड्यांत मंडळातील भगिनींनी आपसांत पाळ्या लावून घेतल्या होत्या. कोणी मऊ भात आणि मेतकूट आणी, कोणी दुपारी दोन तास बसे आणि आम्हांला झोपावयास लावी. त्यांतील एक वयोवृद्ध मावशी रात्री थांबत. पहिल्याच रात्री त्यांनी संकोचून विचारले, "मी हळू आवाजात हरिपाठ म्हटला तर चालेल का हो तुमच्यात?" आम्ही काही बोलण्यापूर्वीच अंथरुणातून उत्तर आले, "म्हणा मावशी, मला बरे वाटेल." मावशी म्हणत राहिल्या. आमच्या पत्नी डोळे मिटून पडून होत्या. थोड्या वेळाने त्या आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही माझ्या बरे होण्यासाठी प्रार्थना केलीत, ती पुरे झाली. आता एवढेच मागा, की रात्रीची भीती वाटते ती वाटू नये. आजच्या रात्रीपुरते मागा." त्या रात्री आमचे ओठ पुन्हा हलले. मागणे फार लहान होते, पण ते खरे होते.

बंधुभगिनींनो, यानंतर आम्ही पवित्र शास्त्र पुन्हा उघडले, आणि वर्षानुवर्षे वाचलेल्या कथा निराळ्या दिसू लागल्या. मार्काच्या शुभवर्तमानात एका पक्षाघाती माणसाची कथा आहे. त्याला चौघांनी खाटेसह उचलून आणले. दाराशी गर्दी होती, म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उसकटले आणि त्याला येशूच्या पुढ्यात खाली सोडले. शुभवर्तमानकार सांगतो, की येशूने त्या चौघांचा विश्वास पाहिला. आजारी माणसाच्या अंगी त्या वेळी प्रार्थनेचे बळ होते की नव्हते, याची चौकशी झाली नाही. ते बळ दुसऱ्यांनी वाहून आणले. मध्यस्थीची प्रार्थना म्हणतात ती हीच. आमची खाट त्या दिवसांत कोणी उचलली होती, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांतील बहुतेक जण ख्रिस्ती नव्हते.

दुसरी कथा गेथशेमाने बागेची. पकडले जाण्यापूर्वीच्या रात्री येशू स्वतः यातनांत होता. त्याने पित्याजवळ मागितले, की हे दुःख टळावे. आणि त्याच श्वासात पित्याची इच्छा स्वीकारली. ते दुःख टळले नाही. ज्या धर्माच्या प्रमुखाचीच सर्वांत कळकळीची प्रार्थना अशी पुरी झाली, तो धर्म दर प्रार्थनेला रोगमुक्तीची हमी देऊ शकत नाही. पौलानेही आपल्या देहातील काट्यासाठी तीनदा विनविले. काटा निघाला नाही, सोसण्याचे बळ मिळाले. परंतु त्या बागेतील आणखी एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली आहे. आपल्या सोबत्यांकडे येशूने त्या रात्री एकच मागितले : माझ्यासोबत जागे राहा. आणि नेमके तेवढेच त्यांना साधले नाही. ते झोपी गेले.

आमच्या मते सगळ्या विषयाचे सार येथे आहे. जिवलगासाठी प्रार्थना करणे म्हणजे देवापुढे त्याच्यासोबत जागे राहणे होय. आणि आशा धरणे म्हणजे, शेवट काय होणार हे कळल्यावरही हातातला हात न सोडणे होय. रोग बरा होईल ही अपेक्षा आहे. ती धरावी, तीसाठी उत्तम डॉक्टर गाठावा, औषध वेळेवर द्यावे. आशा तिच्याहून खोल आहे. ख्रिस्ती माणसाच्या ठायी तिचा आधार पुनरुत्थान हा आहे. क्रूसावर सारे संपले असे वाटले त्यानंतरही देवाने हात सोडला नव्हता, हा तो विश्वास. म्हणून अपेक्षा मावळली तरी आशेला जागा उरते.

हातात हात देण्याची ही गोष्ट निघाली, की आम्हांला याच तमिळ भूमीतील एका मराठी राजाची आठवण होते. तंजावरचे तुळजाराजे १७८७ साली मृत्युशय्येवर असताना आपल्या दत्तक पुत्राची, नऊ-दहा वर्षांच्या सरफोजीची काळजी त्यांनी ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याकडे सोपविली. श्वार्ट्झ १७५० साली तरंगमबाडीस उतरले होते आणि त्यांचे उभे आयुष्य तमिळ मुलखात गेले. पुढे सरफोजींच्या जिवाला आणि शिक्षणाला धोका दिसू लागला, तेव्हा १७९३ साली त्यांना आपल्या या शहरात, तेव्हाच्या मद्रासेस, आणण्यात आले. म्हणजे मद्रासेत येऊन राहिलेल्या मराठी मंडळींत सरफोजीराजे हे आपले पूर्वज म्हणावयास हरकत नाही!

श्वार्ट्झ शेवटच्या दुखण्याने अंथरुणास खिळले, तेव्हा हा तरुण राजपुत्र त्यांच्या भेटीस गेला. श्वार्ट्झांनी त्याला आशीर्वाद दिला, प्रजेशी न्यायाने वागण्याचा उपदेश केला. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी ते वारले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले, आणि राजा झाल्यावर त्यांनी जॉन फ्लॅक्समन या ख्यातनाम इंग्रज शिल्पकाराकडून संगमरवरी स्मारक करविले. ते तंजावरला शिवगंगा तलावाजवळच्या श्वार्ट्झ चर्चमध्ये आहे. आमची विनंती आहे, की बृहदीश्वराच्या दर्शनास जाल आणि भोसले घराण्याचा तो प्रचंड मराठी शिलालेख पाहाल, तेव्हा थोडी वाट वाकडी करून हेही पाहावे. मरणाच्या दारी टेकलेला वृद्ध मिशनरी, आणि त्याचा हात हातात घेऊन उशाशी उभा असलेला मराठी राजा. आपल्या किल्ल्यातील सेंट मेरीज चर्चमध्येही श्वार्ट्झांचे स्मारक आहे. ते ईस्ट इंडिया कंपनीने उभारले. पण राजाने हात धरलेले शिल्प तंजावरचे.

सरफोजींनी धर्म बदलला नाही. ते काशीयात्रा करून आलेले श्रद्धाळू हिंदू राजे होते. श्वार्ट्झांनाही आपला शिष्य ख्रिस्ती व्हावा असे वाटले असेलच. परंतु त्या शिल्पात वादाचा मागमूस नाही. एक हात दुसऱ्या हातात आहे, इतकेच. आणि ते प्रेम संगमरवरात थिजून राहिले नाही. सरफोजींनी ख्रिस्ती अनाथ मुलांच्या पालनपोषणाची सोय केली. आपल्या धन्वंतरी महालात देशी व पाश्चात्त्य, दोन्ही वैद्यकांचा अभ्यास चालविला. डोळ्यांच्या रोग्यांवरील उपचारांची टिपणे आणि चित्रे सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेली आहेत. ज्याने एकाच्या उशाशी उभे राहण्याचे दुःख जाणले, त्याला इतरांचे दुखणे परके राहिले नाही.

येथे कोणी विचारील, की ज्याच्या उशाशी राजा येतो त्याचे ठीक आहे. ज्याला कोणीच नाही त्याने काय करावे? त्याचे उत्तरही या दक्षिण देशातच आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान मराठी गृहस्थ आपल्या कुटुंबासह पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडत असत. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यातील दुष्काळात हे कुटुंब उपासमारीने खचले. काही महिन्यांच्या आत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. त्यांनी उपासतापास, पूजाअर्चा, अनुष्ठाने यांत काही कमी केले नव्हते. सोळा वर्षांची धाकटी मुलगी आणि तिचा भाऊ तेवढे वाचले. त्या मुलीला आपण पंडिता रमाबाई म्हणून ओळखतो. पुढे भाऊही गेला, आणि विवाहानंतर दोन वर्षांच्या आत, १८८२ साली, पतीही पटकीने गेले.

रमाबाईंनी १८८३ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण त्यामुळे मृत्यूने त्यांचे दार सोडले असे झाले नाही. ज्या एकुलत्या एका मुलीवर त्यांच्या कार्याचा भार सोपवावयाचा, ती मनोरमा १९२१ साली त्यांच्या हयातीतच गेली. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या, आणि तोवर बायबलच्या मराठी भाषांतराचे आपले काम त्यांनी सोडले नव्हते. मध्यप्रांतात १८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा आपल्या लहानपणीची भूक आठवून त्या तिकडे धावल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यातून उभे राहिले. ज्या मुलीच्या आईवडिलांच्या उशाशी कोणी नव्हते, ती शेकडोंच्या उशाशी जाऊन बसली. न फळलेल्या प्रार्थनेचे काय होते, असे आम्हांला कोणी विचारले, तर आम्ही रमाबाईंकडे बोट दाखवितो. कधीकधी ती प्रार्थना मागणाऱ्याच्याच हातांत उतरते.

वेल्लोरचीही कथा अशीच आहे. एका रात्री तीन घरचे पुरुष आपापल्या अडलेल्या बायकांसाठी मदत मागावयास आले, पण पुरुष डॉक्टर त्यांना चालेना. त्या तिन्ही बायका दगावल्या. हे पाहणाऱ्या मिशनरी कन्येने, आयडा स्कडर हिने, वैद्यकी शिकून १९०० साली वेल्लोरास एका खाटेचा दवाखाना उघडला. त्याचेच आज देशभर ख्याती असलेले ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झाले आहे.

तेथे आणि चेन्नईच्या रुग्णालयांत आज दूरदूरचे रोगी येतात, त्यांत आपली मराठी माणसेही असतात. फलाटावर उतरलेल्या त्या माणसाच्या एका हातात तपासण्यांची पिशवी असते, दुसऱ्या हाताने त्याने आजाऱ्याला सावरलेले असते. भाषा कळत नाही, भात-सांबार घशाखाली उतरत नाही, आणि रात्री बोलावयास कोणी नसते. एके काळी आपणांपैकी प्रत्येक जण या शहरात असाच नवखा उतरला होता.

म्हणून सुवर्णमहोत्सवानिमित्त आमचे एकच मागणे आहे. अशा कुटुंबांसाठी मंडळाने एक खोली राखावी, तमिळ जाणणाऱ्या चार स्वयंसेवकांची यादी करावी, आणि ज्या पाळ्या आमच्या घरासाठी आपण लावल्या होत्या त्या पुन्हा लावाव्या. ज्याला हरिपाठ म्हणावयाचा त्याने तो म्हणावा, ज्याला स्तोत्र म्हणावयाचे त्याने ते म्हणावे, ज्याला काहीच म्हणता येत नाही त्याने नुसते बसावे. खोलीसाठी जी वर्गणी लागेल, तीत पहिली रक्कम आमच्या पत्नीच्या नावे आम्ही आज चिटणीसांच्या स्वाधीन करीत आहोत.

त्या गेल्या त्या रात्री मावशी होत्या, आम्ही होतो. त्यांना भीती वाटत नव्हती. आम्ही मागितले होते ते एवढेच, आणि तेवढे आम्हांला मिळाले.