राजापूर बंदर

राजापूर म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना अवचित प्रकट होणारी गंगा आठवते. परंतु आज शांत दिसणारे हेच गाव आदिलशाहीच्या अमदानीत विजापूरकरांच्या व्यापाराचे समुद्राकडील एक प्रमुख द्वार होते, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. जैतापुरापाशी समुद्राला मिळणारी खाडी येथवर आत शिरलेली आणि येथून निघालेली वाट अणुस्कुरा घाटाने सह्याद्री चढून देशावर गेलेली. तेव्हा भरतीच्या पाण्यावर आलेली गलबते आणि घाट उतरून आलेले लदाऊ बैलांचे तांडे यांची जेथे गाठ पडावी, त्या जागी पेठ वसली नसती तरच नवल. मिरी, वेलदोडे, देशावरचे कापड असा माल येथून परमुलखी रवाना होई, आणि त्यावरील जकात सरकारात जमा होई.

या व्यापाराच्या लोभाने सतराव्या शतकाच्या मध्यास इंग्रजांनी येथे वखार घातली. पुढे १६६० साली आदिलशाही सरदार सिद्दी जौहराने शिवाजी महाराज असलेल्या पन्हाळ्यास वेढा दिला, तेव्हा त्या कलहाशी ज्यांचा काडीइतका संबंध नव्हता, अशा या वखारवाल्यांनी दारूगोळा घेऊन, स्वतःचे निशाण लावून गडावर मारा केला. याचे शासन म्हणून शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूर घेऊन वखार लुटली आणि वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्यासह तेथील इंग्रजांना कैदेत टाकले, हे मला सर्वस्वी न्याय्य वाटते. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात साहुकारांस राज्याची शोभा म्हणून गौरविले, मात्र टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सावध राहण्यास बजावले. त्या इशाऱ्यामागे असलेच अनुभव असले पाहिजेत.

पुढे पावसाळ्यागणिक डोंगरांतून वाहून येणाऱ्या गाळाने खाडी उथळ झाली, मोठी गलबते खालच्या अंगालाच थांबू लागली, आणि मुंबईने उरलासुरला व्यापार ओढून नेला.

वखारीची हकीकत आपणांस तपशीलवार ठाऊक आहे, कारण इंग्रजांनी आपले पत्रव्यवहार जिवापाड जतन केले. पण बंदर चालविले ते गलबते हाकारणाऱ्या खारव्यांनी, तांडे हाकणाऱ्या लमाणांनी आणि हुंड्यांवर विश्वास टाकणाऱ्या येथल्या साहुकारांनी. त्यांचा इतिहास अद्याप लिहिला जावयाचा आहे. म्हणून माझी कोकणातील श्रोत्यांना कळकळीची विनंती आहे, की आपल्या माळ्यावर मोडी लिपीतील जुन्या खतावण्या, दस्त वा हुंड्या असतील तर त्या रद्दीत घालू नका. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेच्या स्वाधीन करा.