गाणारे कोण, वाजवणारे कोण
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील मनोगत)



मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि त्यात पॉप गाण्यांचाही अभ्यास येतो, हे कळल्यावर मघाशी एकाने विचारलं, "गाणी ऐकायचा पगार मिळतो?" मिळतो. पण ऐकण्यापेक्षा मोजणंच जास्त असतं.

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टेसी स्मिथ यांच्या गटाने २०१८ साली एक मोजणी प्रसिद्ध केली. बिलबोर्डच्या वार्षिक याद्यांतली २०१२ ते २०१७ची ६०० लोकप्रिय गाणी घेतली आणि प्रत्येक नावापुढे नोंदलं : बाई की पुरुष, गोरे की गोरेतर. गाणाऱ्यांत गोरेतर चाळीस टक्क्यांच्या वर निघाले. म्हणजे काळा आवाज भरपूर. बायका मात्र शंभरात बावीस, आणि गाणी रचणाऱ्यांत शंभरात बारा. मग प्रोड्युसर, म्हणजे गाणं शेवटी कसं वाजेल हे ठरवणारा माणूस. यातल्या काही वर्षांचे ६५१ प्रोड्युसर तपासले. बायका दोन टक्के, आणि त्यांत गोरेतर फक्त दोघी. टक्के नव्हे, दोघी!

पण मोजून सगळं कळत नाही. 'हाउंड डॉग' म्हटलं की एल्व्हिस प्रिस्ली आठवतो, १९५६चा. ते आधी १९५२ साली बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेने रेकॉर्ड केलं होतं. लिहिणारे दोन गोरे तरुण. पुढच्या वर्षी ते 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत सात आठवडे पहिलं होतं. (या यादीचं नाव १९४९पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' होतं, काळ्यांची गाणी वेगळ्या पंगतीत.) थॉर्नटनच्या गाण्यात एक बाई ऐतखाऊ पुरुषाला दारातून हाकलते. एल्व्हिसने गायलं तोवर शब्द बदलले होते आणि गाणं खरोखरच कुत्र्याचं झालं. बाईचा राग तेवढा गळाला. हा बदल कुठल्या टक्केवारीत धरणार? त्यासाठी दोन्ही रेकॉर्डी शेजारी ठेवून ऐकाव्याच लागतात.

हे शिकवताना मला आपल्या दहावीच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका सापडली. सवयीने मोजलं. गाणाऱ्या नऊ, सगळ्या मुली. पेटी, तबला, खंजिरी, सगळी मुलं. माझं नाव समूहगीतात आहे. भावाची शिकवणी ऐकून ऐकून मला तीनताल, केरवा येत होता, आणि मी तसं सांगितलंही होतं. "मुलींनी गावं," असं उत्तर मिळालं. कोणी दिलं ते सांगत नाही. ते आज इथेच आहेत आणि मघाशी पंगतीत त्यांनी मला आग्रहाने दुसरी जिलेबी वाढली.

एका पत्रिकेवरून मात्र काही म्हणता येत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत इतर वर्षांच्या पत्रिका असतील तर मला द्या. झेरॉक्स काढून लगेच परत करीन.