आधी नकाशा, मग कुदळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' असे आपल्यात म्हणतात. लग्नाविषयी बोलायला या सभेत माझ्याहून अधिकारी भगिनी पुष्कळ आहेत. घर मात्र मी एकदा बांधले, त्यातले काही पाडले आणि पुन्हा बांधले. तेव्हा त्याच अनुभवावर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. विषय तसा रूक्ष आहे. त्यात ना गोडाधोडाची कृती, ना विणकामाचा नमुना. मी इंजिनियर नाही, वकीलही नाही. पण ठेच लागलेल्या माणसाला दगड कुठे आहे ते ठाऊक असते, एवढाच माझा अधिकार.

गोष्ट 1999 सालची. आपल्या सांगलीत आमची पावणेदोन गुंठे जागा आणि तिच्यावर सासऱ्यांनी बांधलेले तीन खोल्यांचे घर. मुले मोठी झाली, अभ्यासाला जागा पुरेना. बाजूला एक खोली, वर एक खोली आणि तिला छोटी गॅलरी काढावी असे ठरले. गवंडीकाम करणारे मिस्त्री ओळखीचे. ते म्हणाले, "वहिनी, नकाशाच्या नादी लागाल तर दोन महिने जातील. पावसाळा तोंडावर आलाय. सगळे असंच बांधतात. आधी बांधा, मग बघू." घरात सर्वांना ते पटले, आणि खरे सांगायचे तर सर्वांत आधी मला पटले. माझ्या पाटल्या मोडल्या, सिमेंट आले, सळई आली. स्लॅब पडला त्या दिवशी मी सगळ्या कामकऱ्यांना शिरा खाऊ घातला.

बाजूची खोली थेट कुंपणापर्यंत गेली होती. कुंपणापलीकडे माईंचे स्वयंपाकघर. भिंत वर चढली तशी त्यांची खिडकी झाकली गेली. एके दुपारी माई कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "अगं, मला आता भर दुपारी ओट्यावर दिवा लावावा लागतो." मी काय उत्तर दिले असेल? मी म्हणाले, "आमच्या जागेत आम्ही बांधतोय." भगिनींनो, त्या वाक्याची मला आजही लाज वाटते.

माईंच्या घरून तक्रार गेली आणि आम्हांला नोटीस आली. विनापरवाना बांधकाम एका महिन्यात काढून घ्यावे, असा तिचा मजकूर होता. त्या वर्षी संक्रांतीला मी माईंना हळदीकुंकवाला बोलावले नाही आणि त्यांनीही मला वाण दिले नाही. बावीस वर्षांच्या शेजारात असे पहिल्यांदाच घडले.

मग आम्ही धावाधाव करून परवानाधारक अभियंत्याला गाठले. आधीच करायला हवे होते ते काम शेवटी केले. त्यांनी टेप लावून मापे घेतली, जुनी भिंत ठोकून पाहिली आणि मला जवळ बोलावून एक चीर दाखवली. जुन्या दगडमातीच्या भिंतीवर वरच्या खोलीचा भार टाकला होता आणि भिंत तो सोसण्याजोगी नव्हती. त्याच भिंतीखाली माझा धाकटा मुलगा अंथरूण घालून झोपत असे. तोपर्यंत नोटीस मला माईंचे वैर वाटत होती. ती चीर पाहिल्यावर वाटले, ही नोटीस आली नसती तर आमचे काय झाले असते?

कायद्यात अशी सोय आहे, की नोटिशीच्या मुदतीत बांधकाम राखून ठेवण्यासाठी अर्ज करता येतो. नियमात बसते ते राहते, बसत नाही ते पाडावेच लागते. आमची वरची खोली नवे खांब देऊन राहिली. बाजूची खोली आणि गॅलरी गेली. नकाशात नवे काम तांबड्या रंगात दाखवतात आणि पाडायचे काम पिवळ्या रेघांनी. आमच्या नकाशात पिवळे पुष्कळ होते. बांधायला पैसे लागले ते लागलेच, पाडायलाही लागले. पाटल्या कुठे गेल्या म्हणून कोणी विचारले तर मी सांगते, एक खोलीत आहे आणि एक राडारोड्यात गेली.

आता कोणी म्हणेल, आपल्या जागेत आपण बांधायचे, त्यात सरकारचा संबंध काय? मीही असेच म्हणत होते. पण हा नियम कोणी उगाच केलेला नाही. 1896 साली मुंबईत प्लेगची साथ आली. दाटीवाटीच्या अंधाऱ्या चाळींत, जिथे ऊन नाही आणि वारा नाही, तिथे माणसे फार दगावली. त्यानंतर 1898 साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे त्याने असा दंडक घातला, की इमारतीच्या उंचीच्या निदान निम्मे अंतर तिच्यासमोर मोकळे असावे, म्हणजे तळमजल्याच्या खोलीतही आकाशाचा उजेड उतरेल. आज आपण ज्याला सामासिक अंतर म्हणतो, म्हणजे घर आणि हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा, त्याचे मर्म हेच आहे. शिवाय आग लागली तर त्याच अंतरातून माणसे बाहेर पडतात आणि बंब आत येतो. मी माईंच्या खिडकीपुढे भिंत घातली, तेव्हा शंभर वर्षांपूर्वी लोकांनी जीव देऊन शिकलेला धडा पुसून टाकला होता.

आपल्या गावाला दुसरेही एक कारण आहे आणि ते सांगायला नको. 2005, 2019 आणि 2021 या तिन्ही वर्षी कृष्णामाई आपल्या घरांत शिरली. नदीकाठी पाटबंधारे खाते दोन पूररेषा आखते. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. निळ्या रेषेच्या आत नवे बांधकाम करू देत नाहीत. निळ्या आणि लाल रेषांच्या मध्ये बांधायचे तर अटी पाळाव्या लागतात. नकाशा मंजुरीला दिला की आपली जागा कोणत्या रेषेत येते हे पहिल्याच टप्प्याला कळते. न विचारता बांधले, तर ते पाणी उंबऱ्यावर आल्यावर कळते.

आणि तिसरे कारण 4 एप्रिल 2013 चे. ठाण्याजवळ मुंब्र्याला बांधकाम चालू असलेली एक बहुमजली इमारत कोसळली आणि 74 माणसे गेली. ती इमारत विनापरवाना होती. काम पुरे झाले नव्हते तरी खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायला आलेली होती. त्यांत लहान मुले होती. स्वस्तात जागा मिळते म्हणून ती माणसे तिथे गेली होती. परवानगीच्या कागदाची किंमत आपल्याला जास्त वाटते, ती अशी बातमी वाचेपर्यंतच.

आता काय करावे ते क्रमाने सांगते. हवे तर लिहून घ्या.

पहिली गोष्ट जागेच्या कागदांची. सातबारा किंवा मिळकतपत्रिका कोणाच्या नावे आहे, मोजणी झाली आहे का, जमीन बिनशेती झाली आहे का आणि प्लॉट मंजूर रेखांकनातला आहे का, हे जागा घेण्याआधीच पाहावे. आपल्याकडे शेतजमिनीचे गुंठा-गुंठा तुकडे पाडून विकण्याचा प्रकार फार झाला. अशी बांधकामे नियमित करण्यासाठी सरकारला 2001 साली गुंठेवारीचा कायदा करावा लागला आणि 2021 साली त्याची मुदत 2020 च्या अखेरपर्यंतच्या गुंठेवारीसाठी वाढवावी लागली. परंतु पुढेही सरकार असेच सांभाळून घेईल, या भरवशावर कोणी जागा घेऊ नये.

दुसरी गोष्ट नकाशाची. नकाशा परवानाधारक वास्तुशिल्पज्ञ किंवा अभियंता यांच्याकडूनच काढून घ्यावा. मिस्त्रींचा अनुभव मोठा असतो, मी त्याला कमी लेखत नाही. पण खांब किती जाड आणि सळई किती, हे हिशेबाने ठरते, सवयीने नव्हे. नकाशा हाती आला की आपण बायकांनी तो पाहावा. ओटा कुठे, खिडकी कोणत्या बाजूला, मोरीचे पाणी कुठे जाणार, हे आपल्याइतके कोणाला कळणार? कागदावरची भिंत खोडरबराने हलते, विटांची हलत नाही.

तिसरी गोष्ट अर्जाची. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 सालचा आहे. त्याखाली महापालिकेकडे अर्ज करावा लागतो. अर्जावर सर्व मालकांच्या सह्या लागतात, म्हणून घरात भाऊबंदकी असेल तर ती आधी मिटवावी. साठ दिवसांत उत्तर आले नाही तर परवानगी मिळाली असे कायदा मानतो. मात्र नकाशा नियमाप्रमाणे असेल तरच. नियम मोडलेल्या नकाशाला साठ दिवसांचे कवच मिळत नाही. परवानगी नाकारली तर अपील करता येते. 2020 साली राज्याने मुंबईसारखी काही ठिकाणे वगळून बहुतेक शहरांसाठी एकच बांधकाम नियमावली लागू केली आणि दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या लहान प्लॉटसाठी पद्धत पुष्कळ सोपी केली. पण पद्धत सोपी झाली म्हणजे सामासिक अंतर सुटले असे नव्हे.

चौथी गोष्ट कामाची. प्रारंभ प्रमाणपत्र हाती आल्याशिवाय कुदळ मारू नये. वर्षभरात काम सुरू झाले नाही तर त्याचे नूतनीकरण करावे लागते. जोते झाले की ते मंजूर नकाशाप्रमाणे आहे याची तपासणी करून घ्यावी. चूक जोत्यावर सापडली तर फुटाफुटाने सुधारते, स्लॅबवर सापडली तर आमच्यासारखे होते. मध्येच बेत बदलला तर सुधारित नकाशा द्यावा. "एवढीशी तर गॅलरी" असे म्हणू नये.

पाचवी गोष्ट भोगवटा प्रमाणपत्राची. काम पूर्ण झाल्यावर ते घ्यायचे आणि मगच वास्तुशांत करायची. 17 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात निक्षून सांगितले आहे, की वीज आणि पाण्याची जोडणी या प्रमाणपत्रानंतरच द्यावी आणि बँकांनीही ते पाहूनच कर्ज द्यावे.

पुष्कळ भगिनींचा एक गैरसमज असतो, तोही दूर करते. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाचा परवाना नव्हे. बेकायदा बांधकामालाही पट्टी लागतेच, वर शास्ती लागते, आणि ती भरली म्हणून बांधकाम कायदेशीर होत नाही. उलट बाजूही सांगते, उगाच भिऊ नका. रंगसफेदी, गिलावा, फरशी बदलणे, कौले शाकारणे अशा किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही. भार झेलणारी भिंत फोडायची, खोली वाढवायची किंवा मजला चढवायचा असेल तर मात्र विचारलेच पाहिजे.

हे सगळे पुरुषांनी पाहावे, आपल्याला काय, असे म्हणू नका. 1 एप्रिल 2021 पासून घर बाईच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. त्यामुळे पुष्कळजणींची नावे खरेदीखतावर आली आहेत. फार चांगले झाले. पण नावावर घर म्हणजे नावावर नोटीस, हेही लक्षात ठेवा. विनापरवाना बांधकामाला कायद्यात एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही सांगितला आहे. ज्या कागदावर आपली सही, तो कागद आपण वाचलाच पाहिजे. आणि घर ज्या पाटल्यांवर उभे राहते त्या आपल्या हातांतल्या असतात. पाटली काढून देण्याआधी एवढेच विचारावे, "मंजूर नकाशा दाखवा पाहू."

शेवटचे सांगते. बाजूची खोली पाडली त्या दिवशी मी आत तोंड लपवून बसले होते. धूळ खाली बसली, तशा माई कुंपणापलीकडून चहाची किटली घेऊन आल्या. "कामकऱ्यांना दे आणि तूही घे," एवढेच म्हणाल्या. मी त्यांची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "माझा उजेड परत आला, मला आणखी काय हवंय?" मोकळ्या झालेल्या त्या पट्टीत आज माझा मोगरा आहे, आणि त्याच्या कळ्या दोन्ही घरांच्या देवांना जातात. माई आज इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत. हे भाषण करण्यापूर्वी मी त्यांची परवानगी घेतली आहे. या वेळी मात्र आधी घेतली!