गाण्यावरचा शेवटचा हात

(स्वतःची गाणी ध्वनिमुद्रित करू पाहणाऱ्या महिला गटांच्या कार्यशाळेत केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माइकपासून किती लांब उभं राहायचं, ढोलकी कुठे बसवायची, कोरसमध्ये कुणाला पुढे घ्यायचं हे सकाळपासून तुम्ही ऐकलंत. माझ्याकडे त्यानंतरचा भाग आलाय. गाणं म्हणून झालं, वेगवेगळे आवाज एकत्र करून झाले, म्हणजे मिक्सिंग झालं, की त्यावर जो शेवटचा हात फिरवतात त्याला मास्टरिंग म्हणतात. आपले बहुतेक गट या वेळेला तिथे नसतातच. कुणीतरी पेनड्राइव्ह देऊन येतं आणि आठ दिवसांनी 'तयार' गाणी घेऊन येतं. मधल्या आठ दिवसांत आपल्या आवाजाचं काय झालं, हे आपण विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, ''ताई, ते टेक्निकल असतं.''

मीसुद्धा समाजकार्याचीच विद्यार्थिनी. एम.एस.डब्ल्यू.च्या दोन वर्षांत गटबांधणी शिकवली, समुपदेशन शिकवलं. डेसिबल कुणी शिकवला नाही. आज सांगतेय ते आमच्या गटाची अकरा गाणी करताना एका लहानशा स्टुडिओत शेजारी बसून, प्रश्न विचारून शिकलेलं आहे. त्या स्टुडिओतली ही पेटी मुद्दाम मागून आणलीय. हात लावून बघा, काही होत नाही.

ही चपटी पेटी म्हणजे टीसी इलेक्ट्रॉनिक या डॅनिश कंपनीचा 'फायनलायझर'. १९९६ साली तो बाजारात आला. त्याआधी मास्टरिंग म्हणजे मोठ्या शहरातली खास बांधलेली खोली, तिच्यात एकमेकांना जोडलेली महागडी यंत्रं आणि ती चालवणारा अनुभवी माणूस. त्याच्याही आधी, तबकड्यांच्या काळात, हे काम अगदी साध्या गरजेतून आलं होतं. खालचे, घुमणारे सूर जास्त झाले तर ग्रामोफोनची सुई खाचेतून उडायची, म्हणून तबकडी कापणाऱ्याला आवाज आवरावा लागायचा. फायनलायझरने ती सगळी रांग एका पेटीत बसवली: सुरांच्या पट्ट्या कमीजास्त करणारा इक्वलायझर, आवाज दाबणारा कम्प्रेसर, बारीक आवाज आणखी खाली ढकलणारा एक्स्पांडर आणि शेवटी, याच्यावर जायचं नाही असं सांगणारा लिमिटर. आज हीच कामं संगणकातलं सॉफ्टवेअर करतं, कधी कधी माणसाशिवाय आपोआप. पण पेटीवर बटणं डोळ्यांना दिसतात, म्हणून शिकायला मला पेटीच बरी वाटते.

या सगळ्यात कम्प्रेसर नीट समजून घ्या. रेडिओच्या बटणावर हात ठेवून एक बाई बसलीय अशी कल्पना करा. तिला आपण एक रेष सांगितली. आवाज रेषेच्या वर गेला की तिने बटण मागे फिरवायचं. किती फिरवायचं, तेही सांगितलं. दोनास एक म्हटलं, तर रेषेच्या वर सहा डेसिबल गेलेला आवाज ती तीनवर आणून ठेवते. किती झटकन फिरवायचं आणि किती वेळाने सोडायचं, हेही आपणच ठरवायचं. असं केलं की मोठे आवाज खाली येतात, मग सगळं गाणं उचलून मोठं करता येतं. त्यामुळे बारीक आवाज वर येतात. मोठ्यातलं आणि बारकातलं अंतर कमी होतं. हेच ते 'पॉलिश'.

आता यातली गंमत बघा. ही बाई गाण्यातली माणसं ओळखत नाही. तिच्यापर्यंत सगळं एकत्र कालवलेलं येतं. ढोलकीची घुमारेदार थाप पडली, रेष ओलांडली, की ती बटण मागे घेते. त्यासरशी ढोलकीबरोबर त्या क्षणी गाणाऱ्या बायकांचा आवाजही दबतो. थाप सरली की आवाज परत वर येतो. पुन्हा थाप, पुन्हा खाली. सगळं गाणं भात्यासारखं वरखाली होतं. म्हणूनच फायनलायझरमध्ये गाण्याचे तीन भाग केले आहेत, खालचे सूर, मधले आणि वरचे, आणि प्रत्येक भागाला वेगळी बाई बसवलीय. ढोलकीची थाप खालच्या भागात आवरायची, बायकांच्या आवाजाला हात लावायचा नाही, असं मग पुष्कळसं साधतं. पुष्कळसं म्हणते, पूर्ण नाही, कारण थापेची कड मधल्या भागातही असतेच.

आमच्या बाबतीत काय झालं ते सांगते. आमच्या एका गाण्यात पहिलं कडवं एक बाई एकटीच म्हणते. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरी राहणारी, साठीच्या आसपासची. आवाज बारीक, किंचित कापरा. दुसऱ्या कडव्याला दोन जणी येतात, तिसऱ्याला सगळ्या, वीस-बावीस. गाणं तसंच रचलेलं होतं. रेकॉर्डिस्टने पेटीवरच्या तयार सेटिंगमधून ते काढलं. या पेटीत 'विझार्ड' नावाची सोय आहे. संगीत कुठल्या प्रकारचं, किती दाबायचं असे चार प्रश्न ती विचारते आणि बाकीचं स्वतः ठरवते. त्या प्रकारांमध्ये आपलं गाणं कुठे बसणार? त्याने जवळचं वाटलं ते निवडलं. गाणं ऐकायला सगळ्याजणी जमलो. मोठं, चकचकीत, बाजारातल्या गाण्यासारखं वाजलं. पोरी खूश झाल्या. पहिलं कडवं म्हणणारी बाई मात्र गप्प होती. मग म्हणाली, ''मी एकटी म्हणते ते बी एवढंच मोठं, आन सगळ्या म्हणतात ते बी एवढंच. मग बाया आल्या कशाला?''

तिने कम्प्रेसर हा शब्द ऐकलेला नव्हता. पण त्याच्यावर याहून नेमकी टीका मी कुठे वाचलेली नाही. रेकॉर्डिस्टचं म्हणणं, तिचा आवाज बारीक राहिला तर लोक गाणं बंद करतील. हा मुद्दा मी उडवून लावणार नाही. आपली गाणी ऐकतं कोण? स्वयंपाकघरात ओट्यावर फोन ठेवून, कुकरच्या शिट्टीत आणि नळाच्या आवाजात बायका ऐकतात. मोर्चात टेंपोवरच्या भोंग्यातून ऐकतात. तिथे अगदी बारीक आवाज पोचतच नाही. थोडं दाबणं हा तिथे ऐकणारीचा सोयीचा हक्क आहे. प्रश्न 'दाबायचं की नाही' हा नव्हता. किती दाबायचं आणि गाण्याचा अर्थ ज्या अंतरावर उभा आहे ते अंतर ठेवायचं की नाही, हा होता. तो ठरवताना गाणारी खोलीत हवी.

दुसऱ्यांदा आम्ही चौघी जाऊन बसलो, पहिलं कडवं म्हणणारी बाईही आली. दोनास एकच्या जागी दीडास एक ठेवलं. रेष इतकी वर नेली की सुई दोन डेसिबलपेक्षा जास्त मागे सरकेना. सोडायचा वेळ वाढवला, म्हणजे भाता बंद झाला. तरी पहिलं कडवं फोनवर थोडं कमीच पडत होतं. ते पेटीने सुटणारं नव्हतं. मास्टरिंगला एकत्र झालेल्या आवाजांतून एक आवाज वेगळा काढता येत नाही. परत मिक्सिंगला जाऊन तिचा फेडर थोडासाच वर केला. एक दिवस जास्त गेला, पैसेही गेले. आता गाण्यात ती एकटी ऐकू येते आणि बायका आल्यावर घर भरल्यासारखं वाटतं.

'स'चंही असंच. माइकवर स, श, च हे वर्ण बोचतात. साधारण पाच ते आठ हजार हर्ट्झच्या भागात ते टोचतं, म्हणून 'डी-एसर' लावतात. तो जास्त झाला की 'सासर'चं 'थाथर' होतं. वयस्कर बायकांचे पुढचे दात नसले तर 'स'ला शिट्टी येते, तीही माणसाचीच खूण आहे. कान टोचेल एवढीच काढा.

एक्स्पांडरबद्दल मात्र मी जरा कडक बोलणार आहे. आमच्याकडे एका आजींनी जात्यावर बसून ओव्या दिल्या. 'नॉइज' काढून टाकतो म्हणून त्यावर एक्स्पांडर चालवला गेला, तेव्हा ओवीची ओळ संपली की जात्याची घरघर गायब व्हायची, ओळ सुरू झाली की परत यायची. म्हणजे जातं गाण्यापुरतं फिरायचं! ओवीत घरघर हीच सुराची साथ आहे आणि तेच बाईचं कामही आहे. तो गोंगाट कुणाच्या कानाला? गी पॉइतव्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या, आणि 'पारी'च्या संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी आज ऐकता येतात. अशा ठेव्यात आपण भर घालणार असू तर घरघर, बांगड्या, श्वास, मागचं कोंबडं सगळं राहू द्या. पंख्याची भणभण तेवढी काढा.

मोठेपणाच्या स्पर्धेविषयी थोडं. सीडीच्या काळात जो तो आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं वाजावं म्हणून लिमिटर रेटत गेला. २००८ साली मेटॅलिका या प्रसिद्ध बँडची 'डेथ मॅग्नेटिक' आली, तेव्हा इतकं दाबलेलं नको म्हणून त्यांच्या चाहत्यांनीच आरडाओरडा केला. दोन वर्षं आधी, २००६मध्ये, कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं होतं. त्याचं एकक आज एलयूएफएस. स्पॉटिफाय एरवी गाणी उणे चौदाच्या आसपास आणून वाजवतं. तुम्ही उणे आठपर्यंत रेटलंत तर तिथे ते खालीच आणलं जाणार, फक्त चिरडलेलं राहणार. म्हणजे 'मोठं करावंच लागतं' हे कारण निदान तिथे उरलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या गाण्याला मात्र हा नियम लागत नाही, ते जसं आहे तसंच वाजतं.

आणखी एक धोका, आवाज 'रुंद' करण्याचा. हेडफोनवर छान वाटतं. पण टेंपोवरचा भोंगा दोन्ही बाजू एकत्र करून वाजवतो. रुंदी फार ताणली असेल तर एकत्र होताना दोन्ही बाजू एकमेकींना खातात आणि कोरस विरळ होतो. गाणं मोर्चासाठी असेल तर ते एकाच स्पीकरवर ऐकल्याशिवाय मंजूर करू नका.

हे बायकांचं काम नाही असं अजून वाटत असेल, तर न्यूयॉर्कच्या एमिली लझार यांचं नाव लक्षात ठेवा. १९९७ साली त्यांनी 'द लॉज' हा स्वतःचा मास्टरिंग स्टुडिओ काढला. २०१९मध्ये बेकच्या 'कलर्स'साठी, शास्त्रीय संगीताखेरीजच्या सर्वोत्तम ध्वनिअभियांत्रिकीचं ग्रॅमी त्यांना मिळालं. त्या पारितोषिकात मास्टरिंग करणाऱ्या स्त्रीचं नाव पहिल्यांदा आलं ते हे. पहिल्यांदा, आणि तेही २०१९मध्ये! ज्या धंद्यात लागतात फक्त कान आणि धीर, तिथे बायका एवढ्या उशिरा पोचल्या याचं कारण कानात नक्कीच नाही.

आता व्यवहाराचं. स्टुडिओशी बोलताना आधीच सांगा की मास्टरिंगच्या वेळी गटातल्या दोघी बसतील, त्यातली एक गाणारी असेल. ध्वनिमुद्रण २४ बिटचं मागा. मिक्स करताना सर्वांत मोठ्या आवाजाच्या वर तीन ते सहा डेसिबल जागा रिकामी सोडायला सांगा आणि त्यावर लिमिटर नको म्हणा. हात न लावलेली मूळ फाइल पैसे देण्याआधी ताब्यात घ्या. मास्टर बिघडला तर दुसरा करता येतो, मूळच हरवलं तर काही करता येत नाही. आणि तुलना करताना आधीचं आणि नंतरचं एकाच पातळीवर आणून ऐका. नुसतं एक डेसिबल मोठं वाजलं तरी कानाला ते 'जास्त चांगलं' वाटतं, आणि रेकॉर्डिस्ट तुम्हाला नेहमी मोठंच ऐकवणार.

चला, बोलणं पुरे. मागच्या बाकावरच्यांनी पुढे या, हेडफोन चारच आहेत, पाळीने घ्या. आधी हे बायपासचं बटण दाबते, म्हणजे पेटी बाजूला होईल आणि गाणं मूळचं वाजेल. मग सोडते. काय बदललं ते तुमच्या शब्दांत सांगा, इंग्रजी शब्दाची घाई नको. सुनंदाताई, तुम्ही कधीच काही बोलत नाही, पहिली पाळी तुमची.