मुलीचा नाचाचा क्लास आणि आपला गट

बचत गटाच्या बैठकीत आपण म्हशीसाठी, खतासाठी, पोरांच्या शाळेसाठी कर्ज मागतो आणि देतो. मागं आमच्याकडं एका आईनं सातवीतल्या मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लाससाठी अंतर्गत कर्ज मागितलं. निम्म्याजणी गप्प बसल्या. एक मावशी स्पष्टच बोलल्या, "नाचासाठी कर्ज? आणि पोरगी आता मोठी झाली की." या विषयावर आम्ही दोन बैठका बोललो. त्यातून जे समजलं, ते आज सांगतो.

पहिली गोष्ट, गॅदरिंगचा नाच वेगळा आणि क्लासमधलं शिक्षण वेगळं. गॅदरिंगचं गाणं आठ-दहा दिवसांत बसतं. भरतनाट्यममध्ये सुरुवातीचे कित्येक महिने गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायचं आणि तालात पाय मारायचे, एवढंच असतं. त्याला अडवू म्हणतात. कथकमध्ये तत्कार असतो. आईला वाटतं, सहा महिने झाले तरी पायच आपटतेय, पैसे वाया गेले. पण भाकरीला आपला हात बसायला किती दिवस लागले ते आठवा. तसा इथं पाय बसावा लागतो.

दुसरी गोष्ट परीक्षांची. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेल्या पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याच परंपरेतलं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ आज गाण्याच्या आणि नृत्याच्या परीक्षा घेतं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा त्या पायऱ्या. ठरावीक परीक्षा पास झालेल्या मुलांना दहावीत वाढीव गुणही मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत जावा लागतो, म्हणून आधीच शाळेत चौकशी करा. मात्र गुणांसाठी पोरीला दोन पायऱ्या एकदम चढवायला लावू नका.

तिसरी गोष्ट, फी भरायच्या आधी क्लास बघून या. बाई किंवा सर स्वतः कुठं आणि किती वर्षं शिकले ते विचारा. जमीन बघा. अनवाणी पाय जोरात मारायचे असतात, नुसत्या सिमेंटवर रोज मारले तर गुडघे आणि टाचा दुखतात. आधी अंग मोकळं करून घेतात का ते बघा. परदेशातल्या बॅले नाचात मुली पायाच्या बोटांवर उभ्या राहतात, पण चांगले शिक्षक साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत, पायात ताकद आल्याशिवाय ते बूट देत नाहीत. आपल्याकडंही दुखतंय म्हणणाऱ्या पोरीला थांबवणारा शिक्षक चांगला. आईला बसून बघू देतात का, हेही विचारा. जिथं दार बंद, तिथं पोरीला पाठवू नका. कार्यक्रमाचा पोशाख आणि मेकअप यांचा खर्च फीपेक्षा वेगळा असतो. तोही आधीच विचारून ठेवा.

"हे आपलं न्हवं, मद्रासकडचं," असंही कुणीतरी म्हणालं. मैत्रिणींनो, तंजावरला भोसल्यांचंच राज्य होतं. तिथल्या सरफोजी राजांच्या नावावर नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना आहेत. आज भरतनाट्यमचा कार्यक्रम ज्या क्रमानं होतो, तो त्यांच्या दरबारातल्या चार भावांनी बसवला असं मानतात. म्हणजे त्यात आपलाही वाटा आहे.

आता मावशींच्या बोलण्याकडं येतो. आपल्या भागात लावणी बघायला गर्दी होते आणि लावणी करणारीला नावं ठेवली जातात. ती भीती प्रत्येक आईच्या पोटात असते. म्हणून पाळी आली की क्लास बंद. मुलगा कुस्तीच्या तालमीत जातो, त्याला मिसरूड फुटली म्हणून कुणी थांबवत नाही. मुलीचं अंग मात्र नेमकं जेव्हा ताकदीचं व्हायला लागतं, तेव्हाच आपण तिला घरात बसवतो. पाळी हे नाच सोडायचं कारण नाही. त्या दिवसांत त्रास झाला तर विश्रांती घ्यावी, एवढंच.

शेवटी गटानं कर्ज दिलं, नेहमीच्याच व्याजानं आणि हप्त्यानं. गावातल्या आणखी दोघी मुली तिच्याबरोबर जाऊ लागल्या. तिघींच्या आया पाळीपाळीनं सोबत जातात, संध्याकाळच्या एस.टी.नं परत येतात. पोशाख भाड्यानं आणायचं ठरलंय. सोबतीला आता कधीकधी त्या मावशीही जातात.

तुमच्या गावात एखाद्या मुलीचा क्लास, खेळ किंवा गाणं "मोठी झाली" म्हणून सुटलं असेल, तर पुढच्या बैठकीत तिच्या आईला बोलतं करा. अडचण पैशाची, सोबतीची की लोकांच्या बोलण्याची, हे आधी समजून घ्या. पहिल्या दोन अडचणी गट सोडवू शकतो. आणि दहा-बाराजणी पाठीशी उभ्या राहिल्या, की तिसरीही निम्मी होते.