बोलता येईल तेवढ्याच वेगानं



अध्यक्षानं आधी आभार मानावेत, मग आयोजकांचं कौतुक करावं आणि उरल्या वेळात विषयावर यावं, असा रिवाज आहे. आभार मनापासून मानतो. कौतुक जेवणानंतर करू.

अँजिओप्लास्टी करून घरी आलेल्या माणसाचं डिस्चार्ज कार्ड बघा. गोळ्यांची नावं, मात्रा, वेळा, सगळं चोख. व्यायामापुढे मात्र दोनच शब्द: ‘फिरत जा’. किती, कुठल्या वेगानं, कधी थांबायचं, याचा पत्ता नाही. पाच मिलिग्रॅमवरून फार्मासिस्टशी हुज्जत घालणारे आपण डॉक्टर इथे एवढे ढिले कसे? मग होतं काय, एक पेशंट धास्तीनं ओसरी सोडत नाही आणि घरचे त्याला पाण्याचा तांब्याही उचलू देत नाहीत. दुसरा तिसऱ्याच आठवड्यात रात्रीच्या लाइटीला उसाची दारं धरायला जातो.

व्यायाम मोजायचा म्हटलं की आपल्याला ट्रेडमिल आठवते, नाहीतर मुलानं पुण्याहून आणलेलं घड्याळ. आणि 220 वजा वय हे सूत्र. हे सूत्र 1971च्या सुमाराचं, निरनिराळ्या अभ्यासांतल्या आकड्यांवरून ढोबळपणे काढलेलं. साठीच्या माणसाला त्यानं 160 ठोके येतात. त्याचे सत्तर टक्के 112. पण आपला पेशंट मेटोप्रोलॉल घेतो. त्या गोळीचं कामच मुळी ठोके आवरायचं. त्याची नाडी नव्वदीतच घुटमळते आणि तो बिचारा 112 गाठायला कालव्याच्या कडेनं धापा टाकत सुटतो. नाडी अनियमित असेल तर मनगटावर मोजलेल्या आकड्यावर फारसं विसंबताही येत नाही.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी साठच्या दशकात सरळ माणसालाच विचारायचं ठरवलं: किती जड जातंय? त्यांची मोजपट्टी 6 ते 20 अशी आहे, कारण निरोगी तरुणाच्या ठोक्यांना दहानं भागलं की साधारण तेच आकडे येतात. हृदयरुग्णाला सहसा 11 ते 13च्या आसपास ठेवतात. पट्टी उत्तम आहे. पण आपल्या बारामती-इंदापूर भागातल्या आजोबांपुढे 6 ते 20चा तक्ता धरला की ते चष्मा शोधू लागतात. त्यांच्याशी ‘हलकं’, ‘जरा जड’, ‘लई जड’ एवढ्यावरच बोलावं.

माझा भर बोलण्याच्या चाचणीवर आहे. बोलायला श्वास धरून हळूहळू सोडावा लागतो. श्रम वाढले, रक्तात आम्ल साठू लागलं, की शरीराला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायची घाई होते आणि ती घाई वाक्य मध्येच तोडते. विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉसच्या विद्यापीठात कार्ल फॉस्टर आणि जॉन पोर्करी यांनी यावर बरंच काम केलं. तिथे चालणाऱ्याला अमेरिकी ध्वजाची शपथ म्हणायला लावून विचारत, ‘आरामात बोलता येतंय का?’ उत्तर ‘हो’ असेल तर ठीक. ‘हो, पण...’ आलं की उंबरठा आला. आपल्या पेशंटनं त्या ‘पण’च्या अलीकडे राहायचं.

आपल्याकडे शाळेची प्रतिज्ञा आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरची, अजून पाठ असलेली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजींना हरिपाठ येतो. तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, सणसर, निमगाव केतकीवरून इंदापूरला जाते तेव्हा नीट ऐका. वारकरी मैलोन् मैल अभंग म्हणत चालतात. बेलवाडीच्या रिंगणात धावताना मात्र सबंध चरण एका दमात म्हणणं अवघड. आपल्या पेशंटला चाल वाटेवरची द्यायची, रिंगणातली नाही.

या चाचणीनं सगळं कळतं असं मात्र नाही. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, घेरी, दरदरून घाम: यांतलं काहीही झालं तर बोलता येत असलं तरी जागीच बसायचं. डॉक्टरनं दिली असेल तर जिभेखालची गोळी ठेवायची आणि 108ला फोन लावायचा. मधुमेही माणसाला हृदयाची कळ जाणवेलच असं नाही, त्याला आधी तपासून मगच चालायला पाठवा. उसाची मोळी उचलताना माणूस दम रोखतो. तिथे ही चाचणी लागूच पडत नाही. मोळीला सुरुवातीला साफ मनाईच बरी.

प्रगती बघायला सहा मिनिटांची चालचाचणी पुरे. तीस मीटर सपाट व्हरांडा, दोन खुणा आणि एक घड्याळ. सहा मिनिटांत किती मीटर झाले ते लिहायचं. प्राथमिक शाळेत हे जमतं.

हृदयरुग्णाचं स्वस्त पुनर्वसन म्हणजे दुय्यम पुनर्वसन, हा समज सोडायला हवा. डॉ. दोराईराज प्रभाकरन यांच्या नेतृत्वाखालच्या ‘योगा-केअर’ चाचणीत देशातल्या 24 केंद्रांतले जवळपास 4,000 रुग्ण होते. योगाधारित पुनर्वसनानं मृत्यू, झटके वगैरे लक्षणीय प्रमाणात घटल्याचं सिद्ध झालं नाही, हे खरं. पण रुग्णांना बरं वाटू लागलं आणि नेहमीच्या कामाला परतणं सोपं गेलं. ज्याची शेती त्याच्यावरच अवलंबून आहे, त्याच्या घरी याची किंमत विचारा.

तेव्हा डॉक्टर मित्रहो, सोमवारी ओपीडी उघडली की कार्डावर ‘फिरत जा’ लिहू नका. लिहा: ‘सकाळी ऊन चढण्याआधी, सपाट रस्त्यावर, सोबत घेऊन, दहा मिनिटं, पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच वेगानं.’ आणि आशाताई, पुढच्या भेटीला गेलात की पेशंटबरोबर घरापासून देवळापर्यंत चाला, त्याला बोलतं ठेवा आणि वाक्य कुठे तुटतं ते वहीत टिपून डॉक्टरांना दाखवा.