तीळ जाळण्याआधी

संयुक्त अरब अमिरातीत 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम करून घ्यायला कायद्याने मनाई आहे. नियम उष्माघात टळावा म्हणून आहे. पण सूर्याचे अतिनील किरणही दुपारीच सर्वांत प्रखर असतात. उन्हाळ्यात त्यांचा निर्देशांक 11 ओलांडतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीत 11 पासून पुढे सगळेच अतितीव्र.

तरीही दुबई-शारजातल्या मराठी घरांत एक समजूत पक्की आहे: त्वचेचा कर्करोग गोऱ्यांचा, आपला नव्हे. यात थोडे तथ्य आहे. मेलॅनिन सावळ्या त्वचेला बरेच वाचवते. पण या रोगाला उन्हाखेरीज दुसऱ्याही वाटा आहेत. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1945 साली ‘धोतर कर्करोगा’चे वर्णन प्रसिद्ध केले. वर्षानुवर्षे एकाच जागी धोतर कसून बांधले की कमरेची कातडी घासते, तिचा रंग बदलतो, ती चिघळते आणि क्वचित तिथे स्क्वेमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग होतो. परकराच्या नाडीखालीही तो आढळला आहे. भाजल्याच्या जुन्या व्रणावर तर तो कित्येक वर्षांनी उद्भवतो. म्हणून जुना व्रण पुन्हा फुटला, महिना उलटूनही भरेना, तर मलमे बदलत बसू नये. अशा व्रणावरचा कर्करोग भोवतालच्या निरोगी कातडीची रुंद कड घेऊन कापतात, जवळच्या लसिकाग्रंथी तपासतात आणि गरज पडल्यास त्वचारोपण करतात.

दुसरा प्रकार बेसल सेल कार्सिनोमा. तो सावकाश वाढतो, शरीरात इतरत्र फार क्वचित पसरतो, पण दुर्लक्ष झाले तर नाक, कान, पापणी पोखरत जातो. गोऱ्या चेहऱ्यावर तो गुलाबी, चकचकीत पुळीसारखा दिसतो. सावळ्या चेहऱ्यावर मात्र पुष्कळदा काळपट. साहजिकच तो तीळ किंवा चामखीळ वाटतो आणि माणूस लेसरने तो काढून घ्यायला जातो. जाळल्यावर तपासायला काही उरत नाही, आणि खोलवरच्या पेशी तशाच राहिल्या तर रोग खालून वाढत राहतो. वाढणारा, रक्त येणारा, खपली धरून पुन्हा फुटणारा कोणताही ठिपका असो, जागा बधिर करून काही मिलिमीटरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली गेल्याशिवाय त्याला कोणी लेसर लावू नये. या बाबतीत तडजोड नको.

बायोप्सीचा निकाल आला की उपचार ठरतो तो गाठीचा प्रकार, तिचा आकार आणि ती कुठे आहे यांवर. छाती-पाठीवरच्या लहान, कमी जोखमीच्या बेसल सेल गाठीसाठी साधी शस्त्रक्रिया पुरते: भोवतालची साधारण 4 मिलिमीटर निरोगी त्वचा घेऊन गाठ कापतात आणि कडा तपासायला पाठवतात. नाक, पापणी, ओठ, कान इथे मिलिमीटरही मोलाचा असतो. तिथे मोह्स शस्त्रक्रिया श्रेष्ठ. अमेरिकेत विस्कॉन्सिनचे फ्रेडरिक मोह्स यांनी 1930च्या दशकात ती विकसित केली. एक पातळ थर कापायचा, त्याची संपूर्ण कड तिथल्या तिथे तपासायची, कर्करोगाच्या पेशी दिसल्या तर नेमक्या त्याच कोपऱ्यातून पुढचा थर घ्यायचा. रुग्ण या काळात बाहेर बसून असतो आणि बहुधा त्याच दिवशी टाके घेऊन घरी जातो.

चाकूची भीती असलेले लोक मलमाबद्दल विचारतात. इमिक्विमोड हे मलम वरवरच्या बेसल सेल गाठीवर आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे लावतात. ब्रिटनमधल्या एका चाचणीत कमी जोखमीच्या गाठींवर पाच वर्षांनी मलमाचे यश 82.5 टक्के होते, शस्त्रक्रियेचे 97.7 टक्के. मलम निरुपयोगी नाही, पण हा फरक रुग्णाला आधी सांगायलाच हवा. द्रव नायट्रोजनने गोठवण्याच्या उपायात रंगद्रव्याच्या पेशीही मरतात, म्हणून सावळ्या चेहऱ्यावर पांढरा डाग कायमचा राहू शकतो. प्रकाशाने पेशी मारणारा उपचार काळपट गाठीत कमी पडतो, कारण रंगद्रव्यच प्रकाश अडवते. शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या वयस्कांसाठी किरणोपचार आहेत. तरुणांत ते शक्यतो टाळतात.

फार वाढलेल्या रोगासाठीही आता औषधे आहेत. 2012 साली अमेरिकेत मंजूर झालेली व्हिस्मोडेगिबची गोळी बेसल सेल पेशींना वाढीचा संकेत मिळू देत नाही. 2018 साली मंजूर झालेले सेमिप्लिमॅब हे इंजेक्शन पसरलेल्या स्क्वेमस सेल रोगाविरुद्ध शरीराचीच प्रतिकारशक्ती कामाला लावते.

एकदा हा रोग झालेल्याला नवी गाठ होण्याची शक्यता अधिक असते, त्यामुळे तपासण्या पुढे अनेक वर्षे चालतात. आखातातल्या माणसाची नोकरी संपली की व्हिसा संपतो आणि डॉक्टरही बदलतो. म्हणून बायोप्सीचा लेखी अहवाल आणि शस्त्रक्रियेच्या कडांचा निकाल रुग्णालयाकडून मागून घ्यावा, पेशींच्या काचपट्ट्या मिळतात का तेही विचारावे. पुण्याच्या किंवा मुंबईच्या नव्या डॉक्टरला पहिल्याच भेटीत या कागदांची गरज पडते.